न कळलेली सतरा पानं

आमच्या फादरना संत म्हणायचं की नाही, याची चौकशी करायला परवा दोघं घरी आले. एक तरुण फादर, एक कारकून, हातात छापील कागद. "आजी, तुम्ही त्यांच्याकडे बावीस वर्षं स्वयंपाकाला होता. एखादा चमत्कार आठवतो?"

म्हटलं, "बावीस वर्षांत एकदाही मीठ कमी आहे म्हणाले नाहीत. हा चमत्कार नाही तर काय?"

कारकून हसला, पण लिहिलं काही नाही. ते गेले तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. सांगायचं ते ओठांवर येऊन परत फिरलं. म्हणून नातीची वही घेऊन बसलेय. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराकडे पाहू नका.

फादर मोच्याच्या घरचे. सहा भाषा यायच्या, पण कुठलं बटण कुठल्या काजात, ते शेवटपर्यंत आलं नाही. जाड चष्म्यामुळे पोरं त्यांना 'भिंगवाले' म्हणायची आणि हे त्या हाकेला ओ द्यायचे! कोट एकच. तोही थंडीत कुणाला तरी देऊन यायचे, आणि मी मागोमाग जाऊन परत मागून आणायची. "फादर, संत व्हायचं तर उन्हाळ्यात व्हा," म्हणायचे मी.

साध्या माणसांसाठी ते श्रद्धेवर एक पुस्तक लिहीत होते. त्यांची एक रीत होती. लिहिलेलं पान दुपारी स्वयंपाकघरात आणायचं, स्टुलावर बसायचं आणि मला वाचून दाखवायचं. मी बटाटे सोलत ऐकायची. "कळलं का, बाई?" हो म्हटलं की पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बरोबरची खूण. नाही म्हटलं की समजावून बघायचं, तरीही नाही तर पान चुलीत. एकदा मी म्हटलंसुद्धा, "आज नाही कळलं तर बरं, फादर. लाकडं ओली आहेत." किती हसले!

तर एके दिवशी माझी लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. पहिलटकरीण, दुसरा दिवस उजाडला तरी सुटका नाही. जाऊबाईचा निरोप आला होता, लवकर ये. आणि नेमके फादर गठ्ठा घेऊन आले. सतरा पानं! विषय काय, तर चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का येतं.

ते वाचत होते. माझं लक्ष दाराकडे.

"कळलं?"

"कळलं."

"हेही?"

"कळलं हो फादर, लख्ख कळलं!"

एक शब्द आत गेला नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर तासभर समजावत बसले असते. सतरा खुणा झाल्या, मी हात पुसले आणि धावले.

बाळ हाती लागलं नाही.

फादरना मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं आणि चार दिवस घरी राहिले. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. लेक मात्र भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. ना धड जेवण, ना बोलणं.

दोन महिन्यांनी मोठ्या कॉलेजातले तीन विद्वान जेवायला आले. त्यांनी लिखाण वाचलं होतं. त्यातली ती सतरा पानं तर म्हणे फारच खोल! पुस्तक छापायचं आणि फादरना कॉलेजचं प्रमुख करायचं, असं त्यांच्या मनात होतं. फादर लाजून म्हणाले, "श्रेय आमच्या बाईंचं. त्यांना कळल्याशिवाय मी ओळ पुढे जाऊ देत नाही." तिन्ही माना माझ्याकडे वळल्या. मी डाव घेऊन आत पळाले.

त्यानंतरचा आठवडा विचारू नका. भाजीत दोनदा मीठ, तीनदा दूध उतू. जाऊबाई म्हणाली, "गप्प बस गं! विद्वानांना आवडलंय ना? तू कोण टिकोजीराव? उगाच देवमाणसाची खुर्ची घालवशील."

खरंच होतं तिचं. पण घरी आलं की लेकीची पाठ दिसायची. उद्या अशाच एखादीला कुणी ती पानं वाचून दाखवील, आणि त्यांवर खूण माझी!

सोमवारी फादर गठ्ठा छापखान्यात न्यायला निघाले. दोरीची गाठ मारत होते.

"गाठ मारू नका, फादर. ती सतरा पानं मला कळली नव्हती."

"मग हो का म्हणालात?"

सगळं सांगितलं. पाय मुरगळला नव्हता, तेही. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "चुकलो, बाई. तुमची लेक तिकडे तशी, आणि मी इथे दुःखावर वाचत बसलो. समोरचं माणूस दिसलं नाही मला." चष्मा पुसला. "खरं सांगू? ती पानं मलाही नीट कळली नव्हती. तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी स्वतःची समजूत घातली."

आणि गाठ सोडून सतराच्या सतरा पानं चुलीकडे नेली. मी हात धरला. "अहो फादर, तुमची खुर्ची!"

"स्टूल आहे की," म्हणाले, आणि पानं आत सारली.

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचे लेकीकडे जाऊ लागले. नुसते बसायचे. उपदेश नाही, काही नाही. चौथ्या दिवशी लेक कुशीवर वळली. त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फादर, बटण चुकलंय तुमचं." उठून तिने ते नीट लावलं. दोन महिन्यांतलं तिचं पहिलं धड वाक्य ते.

मग त्यांनी अर्धं पान लिहिलं. स्टुलावर बसून वाचलं, "असं का होतं ते मला ठाऊक नाही. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्याजवळ जाऊन बसावं. उत्तर नसेल तर बोलू नये."

"कळलं का, बाई?"

"नाही फादर. असं का, ते अजून नाहीच कळलं. पण यात खोटं काही नाही."

पेन्सिल हातात घेऊन विचार करत बसले. शेवटी खूण न करताच पान गठ्ठ्यात ठेवलं. अख्ख्या पुस्तकात खुणेवाचून गेलेलं तेवढं एकच.

विद्वान रागावले. सतरा पानांच्या जागी अर्धं? कॉलेजचं पत्र काही आलं नाही. फादर त्याच खोलीत, त्याच कोटात आणखी बारा वर्षं राहिले.

उद्या नातीबरोबर ही वही त्या कारकुनाकडे पाठवतेय. चमत्कार म्हणायचा की नाही, ते त्यांचं ते ठरवोत. माझं खोटं तेवढं गाळू नका म्हणावं. ते गाळलं, तर फादर कशाला चुकलो म्हणाले, हे कुणाला कळायचं नाही.