शेवटच्या पंगतीची भूक

"द लास्ट पंगत ईट्स विथ अ फेरोशस हंगर."

काकूंच्या मुलानं वहीतून हे वाक्य वाचलं आणि आर. के. पुरममधल्या त्या बैठकीच्या खोलीत आम्ही दहाजण खदाखदा हसलो. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं मी कितीदा तरी सांगितलंय, एवढंच गाळून.

काकू म्हणजे एका बड्या साहेबांच्या पत्नी. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या मुलामुलींना दर रविवारी सकाळी इंग्रजी बोलायला शिकवायच्या. आठवड्याला एक शब्द द्यायच्या आणि आपल्या रोजच्या जगण्यातली वाक्यं करून आणायला सांगायच्या. त्या आठवड्याचा शब्द होता फेरोशस. उग्र, खवळलेलं, अंगावर धावून येणारं. कुणी दिल्लीचं ऊन फेरोशस म्हटलं, कुणी बसचा ड्रायव्हर. काकूंच्या मुलाला आमची पंगत सुचली.

आमची म्हणजे स्टाफची. बाबा एका सरकारी गेस्ट हाउसात वाढपी. मंडळाच्या गणपतीतही तेच वाढायचे आणि आई मोठी पातेली घासायची. सेवा म्हणून. आधी साहेबलोकांची पंगत, मग दुसरी, मग तिसरी, आणि सगळे हात धुऊन सुपारी कातरत बसले की आम्ही. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण कधी मोडलाही नव्हता. सकाळी सातपासून राबणारी माणसं साडेतीनला पानावर बसली तर कशी जेवतील? भराभरा जेवायची. तोवर जिलब्या संपलेल्या असायच्या आणि रश्श्यात बटाटा शोधावा लागायचा.

माझ्या वहीत वेगळं वाक्य होतं. 'माय मदर इज फेरोशस व्हेन द टँकर कम्स.' पाण्याचा टँकर आला की आई पदर खोचून रांगेत अशी उभी राहायची, की पुढं घुसायची कुणाची बिशाद नव्हती. लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता. पण माझी पाळी आली ती त्या हसण्यानंतर. मी म्हटलं, द डॉग इज फेरोशस. काकू म्हणाल्या, गुड.

आणि आई तिथंच, आत स्वयंपाकघरात होती. काकूंकडे पाहुणे यायचे होते, म्हणून नारळ खोवायला तिला बोलावलं होतं. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण पंगत तिला कळत होती. घरी जाताना तिनं विचारलं, "पंगतीचं काय म्हणत होता गं तो?"

"काही नाही. जेवण छान झालं म्हणाला."

अच्छा, म्हणाली. तिला पटलं नव्हतं, हे मला दिसलं. लाज वाटत होती, पण खरं सांगू? स्वतःची कमी आणि आईची जास्त. तिच्या खोबऱ्याचा वास येणाऱ्या हातांची, तिच्या भराभरा जेवण्याची. शरम वाटायला हवी होती ती मला माझी.

मला काय हवं होतं, तेही सांगते. गुडगावची नोकरी. तिकडं शेतांमधून काचेच्या इमारती उठत होत्या. फोनवर इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना न्यायला घरी गाडी यायची म्हणे. काकूंच्या भावाचं तिथं ऑफिस होतं, आणि विसर्जनाच्या दिवशी दुपारच्या जेवणाला तेच प्रमुख पाहुणे होते. काकूंनी ठरवलं, मी पहिल्या पंगतीत भावाच्या शेजारी बसायचं आणि इंग्रजीत बोलायचं. तू बिल्कुल स्टाफची वाटत नाहीस, त्या म्हणाल्या. मी थँक्यू म्हणाले. वर तोंड करून थँक्यू!

बसले. जिलबी गरम होती. पहिल्या पंगतीतली जिलबी गरम असते हे मला विसाव्या वर्षी कळलं. पाहुणे बोलायला बरे होते, तुझं इंग्रजी चालेल म्हणत होते. तेवढ्यात वरणाची बादली घेऊन बाबा ओळीनं वाढत आले. मी पत्रावळीकडं बघत राहिले.

"वरण वाढू, ताई?"

मला ताई. माझ्या बापानं. घरी ते मला चिमे म्हणायचे. माझी अडचण होऊ नये म्हणून त्यांनी मला ओळख दाखवली नाही, आणि मी ते चालवून घेतलं. नुसती मान हलवली. त्यांनी भातात खळगा करून त्यात वरण वाढलं, घरी वाढतात तसं, आणि पुढं गेले.

समोर नळापाशी आई पातेल्यात अर्धी वाकून घासत होती.

काकू भावाला म्हणाल्या, हिला गेल्या आठवड्याचा शब्द विचार. त्यांनी हसत विचारला. मी उठले. पंगत संपायच्या आत भरल्या पानावरून उठू नये, असं आईनंच शिकवलेलं. म्हणून पत्रावळ दोन्ही हातांत धरून उठले.

"माय मदर इज फेरोशस," मी म्हटलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, "मी या वाढप्यांची मुलगी आहे. मी शेवटच्या पंगतीला जेवेन."

बस खाली, तमाशा नको, असं काकू दातांतल्या दातांत म्हणाल्या. मी बसले नाही. बाबा बादली धरून जागच्या जागी उभे राहिले. मी सरळ नळापाशी गेले आणि आईला काकूंच्या मुलाच्या त्या वाक्याचा अर्थ सांगितला. खोटं बोलले होते ते सांगितलं. हसले होते, तेही.

तिनं हात थांबवला नाही. "मोठ्यानं हसलीस?"

"हो."

ती पातेलं घासत राहिली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

गुडगावहून फोन आला नाही. पुढं दुसरीकडं नोकरी मिळाली, इंग्रजीवरच. तिथल्या पार्ट्यांतही ड्रायव्हर आणि सफाईवाल्या बाया सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवायच्या. नुसतं त्याला पंगत म्हणत नव्हते.

मंडळाच्या गणपतीला आम्ही पुन्हा गेलो नाही. आईनं मला माफ केलं का, मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही. पण जिथं तिला किंवा तिच्यासारखीला शेवटी बसवतील, तिथं मी पानाला हात लावणार नाही. का लावत नाही ते सांगणार. हसले होते, तेवढ्याच मोठ्यानं.