चार बोटं, पण कोणाची?

नाताळच्या केकसाठी आई मैदा काट्यावर तोलते. चमचाभर जास्त पडला तर परत डब्यात टाकते, कारण केक बसला तर आळीत नावं ठेवतात. त्याच घराच्या पडवीत बसून पप्पा बंदुकीत दारू भरायचे, ती मात्र बोटांनी मोजून. बरोबरच आहे. केक बिघडला तर घराण्याची अब्रू जाते. नळी फाटली तर फक्त एखादा डोळा. डोळे देवाने दोन दिलेत.

बंदूक ठासणीची, आजोबांच्या वेळची. परवाना पीकसंरक्षणाचा. सांडोरला आमची वाडी आहे, केळीची, कडेला चिकू. चिकू पिकायला लागला की संध्याकाळी वटवाघळांची पंगत बसते. त्यांना मारायला कायद्याने बंदी, म्हणून छर्रा घालायचा नाही. नुसत्या दारूवर चिंध्यांचा बोळा ठासायचा आणि आभाळाकडे बार काढायचा. आवाजाने वटवाघळं उठतात, शेजारच्या वाडीत जरा जेवतात आणि उरलेलं जेवायला परत आमच्याकडे येतात. याला पीकसंरक्षण म्हणतात. निवडणूक लागली की हीच बंदूक लोकशाहीला धोका म्हणून पोलीस ठाण्यात जमा होते. निकाल लागला की तो धोका संपतो आणि ती घरी येते. पप्पांच्या तोंडाला असलेला धोका कुठल्याच आचारसंहितेत बसत नाही.

मोजायची पद्धत अशी. दारू आणि बोळा नळीत गेला की लोखंडी गज आत सोडून ठासायचं. मग नळीच्या तोंडाबाहेर जेवढा गज उरेल त्यावर हात आडवा धरायचा; दारू जितकी जास्त, तितका गज बाहेर. चार बोटं भरली की माप बरोबर. चुकलं तर?

"चुकत नाही," पप्पा म्हणायचे. संपला विषय.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. बुजवलेल्या बावखलांवर म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांवर, टँकरच्या पाण्यावर, वाड्यांत घुसणाऱ्या इमारतींवर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की वाण्याकडे माझ्याच कागदात भजी बांधून मिळतात. पत्रकाचा एक साचा असतो: आधी संताप, मग मागणी, शेवटी 'अन्यथा'. घरात तो चालत नाही. घरात 'अन्यथा' म्हटलं की आई म्हणते, आधी भांडी घास. आणि हो, घरी आम्ही भांडतो ते आमच्या बोलीत. इथे ते भांडण पुस्तकी मराठीत आणलंय, त्यामुळे आहे त्यापेक्षा सभ्य वाटेल.

तर एका संध्याकाळी बार काढून पप्पा आत आले आणि त्यांची उजवी भुवई अर्धी होती. उरलेली अर्धी कुरळी झाली होती. खांद्यावर जांभळा डाग. चेहऱ्यावर मात्र असा आनंद की जणू चर्चच्या सणाला पालखी यांनीच उचलली.

"ऐकलास का बार? हल्ली काय वाजते! मुरलीय आता ती."

"पप्पा, ते लोणचं नाही. बंदूक आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "आमच्या खिडकीची काच थरथरली हो! काय बार!" पप्पा फुलले. कौतुकाचंही माप नसतंच आपल्याकडे.

माझी एक मैत्रीण बोळिंजला राहते, रायफलच्या स्पर्धांत नेम मारते. तिला विचारलं. आपल्याकडे खेळाडू विकतची काडतुसं वापरतात, पण परदेशात काही जण आपली काडतुसं आपणच भरतात, असं तिने सांगितलं. त्यांचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक फरक दाखवतो. तोलताना पंखा बंद, खिडकी बंद. काटा खरं बोलतोय का, हे बघायला ठरावीक वजन ठेवून आधी काट्याचीच परीक्षा. एवढं करून, नेम धरणाऱ्यांत पुन्हा वाद की इतकं बारीक तोलून खरंच उपयोग होतो का!

"आणि तुझे पप्पा कशावर तोलतात?"

"बोटांवर."

ती हसली नाही. म्हणाली, "काटा नंतर आण. आधी सांग, किती भरायची हे कुणी ठरवलंय? तिकडे बारूद बनवणारे तपासून आकडा छापतात, आणि माणसं त्याच्याही खालून सुरुवात करतात. तुमचा आकडा कुठाय? नळी कुणी तपासलीय?"

आकडा! मी तर सोनाराकडचा काटा मागायच्या विचारात होते. म्हणजे माहीत नसलेली गोष्ट मी दशांश चिन्हापर्यंत तोलून पप्पांच्या हातात देणार होते. असे अहवाल मी सरकारी बैठकांत पाहिलेत आणि त्यांच्यावर पत्रकंही काढलीत.

घरी आले तेव्हा पप्पा टेबलाशी बोटं चोळत बसले होते. संधिवात आहे त्यांना; सकाळी मूठ वळत नाही. त्या हाताकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आई, पप्पांची लग्नातली अंगठी कुठाय?"

"कपाटात. बोटातच रुतली होती, सोनाराकडून कापून घेतली की. का गं?"

"लग्नात घट्ट होती?"

"घट्ट? दोरा गुंडाळला होता आतून! वेदीसमोर पडेल म्हणून मला भीती. तेव्हा यांची बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा."

"आता टम्म केळ्यांसारखी झालीत, तेही सांग," पप्पा कुरकुरले.

"पप्पा, दारू मोजायला आजोबांनी शिकवलं तेव्हा तुमची चार बोटं शेवग्याच्या शेंगांची होती. आता चार बोटं म्हणजे तेव्हाची पाच. कदाचित जास्तच. बंदूक मुरली नाही, तुमची बोटं सुजलीत. दर वर्षी तुम्ही दारू वाढवत आलात आणि वरून तिचं कौतुक करताय."

आई हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, ती भुवई..."

पप्पांनी हात टेबलाखाली घेतला. लपवल्यासारखा. पण हार मानतील तर ते आमचे पप्पा कसले. "बरं. तीन बोटं भरतो. झालं समाधान?"

"तीन का? अडीच का नाही? बरोबर किती हेच माहीत नाही, तर घासाघीस कशाची करताय? आधी नळी परवानेवाल्या कारागिराला दाखवा."

"तो काय माझ्यापेक्षा जास्त ओळखतो तिला? आणि तोवर चिकू कोण राखणार, तुझी पत्रकं?"

हे लागलं. लागणारच, खरं होतं ते. माझ्या पत्रकांनी अजून एकही वटवाघूळ उठलेलं नाही. एकही बिल्डर उठलेला नाही.

दिवस कलला तसे पप्पा बंदूक घेऊन वाडीत गेले. मी मागोमाग. त्यांनी माझ्यासमोर मुद्दाम, सावकाश, तीन बोटं मोजली, ठिणगी पाडणारी केपाची टोपी बसवली आणि दस्ता खांद्याला लावला. चिकूवर काळे पंख फडफडत होते. मला मागणी सुचेना, 'अन्यथा' तर अजिबात नाही. मी जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला, दस्त्याला चिकटून उभी राहिले. गाल त्यांच्या खांद्याजवळ.

"हे काय? बाजूला हो, बाय."

"का?"

"हो म्हणतो ना. तिथे ठिणगी उडते."

"उडू दे. तीनच बोटं भरलीत ना? माप चुकत नाही आपलं."

"तोंडावर येईल तुझ्या!"

"तुमच्या तोंडावर चालते?"

नळी आभाळाकडेच होती, बोट घोड्यापासून लांब. कुंपणापलीकडून काका ओरडले, "अहो, काय झालं? आज वाजत नाही का?" पप्पांनी दस्ता खांद्यावरून काढला, टोपी उचकटून खिशात टाकली आणि वाडीतला नळ सोडून नळीत पाणी ओतलं. ती काळ्या पाण्याने भरून वाहायला लागली तरी ते ओततच होते.

"वाटोळं केलंस दारूचं," ते म्हणाले.

"हो."

"उद्या त्या कारागिराकडे तू येणार आहेस बरोबर. मला नको त्याची अक्कल ऐकायला."

"येते."

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. डोक्यावर वटवाघळं निवांत जेवत होती, साली आणि बिया खाली टाकत होती. पप्पा मान वर करून, अर्ध्या भुवईखालच्या आणि अख्ख्या भुवईखालच्या अशा दोन्ही डोळ्यांनी, एकेक चिकू जाताना बघत होते.