कुलूप शाबूत होतं

माझ्या सख्ख्या मेव्हण्याने माझ्याच लॉजवर उतरलेल्या बाईंची मोहनमाळ चोरली. त्यांना फसवलं, मलाही फसवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरचे एक मास्तर माझ्या काउंटरवर मूठ आपटत होते.

"मालक, माळ खोलीतनं गेली. कुलूप आमचं, किल्ली आमच्याजवळ. गेली कशी?"

त्या काळी सावध माणसं प्रवासात स्वतःचं कुलूप बाळगत. मीही तापलो. हमालीपासून सुरुवात करून रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ हे लॉज उभं केलं होतं. चोरीचा आरोप कोण ऐकून घेईल?

"घालून गेला असाल भाट्याच्या समुद्रावर. लाटेने नेली, नाव माझ्या लॉजचं!"

"खोटं बोलतोय व्हय आम्ही?"

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "सोनं घालून पाण्यात जाऊ नका, असं तुमच्याच माणसानं सांगितलं. आम्ही ऐकलं."

ते खरं होतं. ती सूचना माझीच. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, आणि गळ्यातलं तर कधी गेलं ते कळतही नाही. पण सूचनेला दुसरा भाग होता : दागिने काउंटरवर द्या, मालक तिजोरीत ठेवतील.

"मग तिजोरीत का दिली नाहीत?"

"तिजोरीचं कोण बोललंच नाही. खोलीत ठेवा, कुलूप आहे की, म्हणाले."

काउंटर माझा मेव्हणा सुधाकर सांभाळायचा. मी त्याच्याकडे पाहिलं.

"सांगायचं राहिलं असेल, भावोजी. गर्दी होती."

लॉज अर्धं रिकामं होतं.

मी वर गेलो. कुलूप शाबूत होतं. मग दाराची कडी पाहिली. कड्या दोन प्रकारच्या असतात. चांगली कडी लावली की तिचे स्क्रू तिच्याखाली झाकले जातात. स्वस्त कडीचे स्क्रू बाहेर उघडे राहतात. ते काढले की कुलपासकट कडी हातात येते. दुकानदाराशी हुज्जत घालून मी स्वस्त कड्या आणल्या होत्या आणि वर त्याला जिंकल्यासारखं हसलो होतो.

आमच्या खाऱ्या हवेत लोखंड लगेच तांबूस होतं. शेजारच्या दारांचे स्क्रू गंजलेले होते. या दाराच्या स्क्रूंच्या खाचा मात्र चकचकीत होत्या. स्क्रूड्रायव्हर असायचा काउंटरच्या खणात. खणाची किल्ली सुधाकरकडे.

खाली येऊन मी त्याच्या कानाखाली वाजवली.

"मारा, भावोजी. पण शाबीत करा," तो म्हणाला. दुपारच्या मुंबई गाडीने तो निघून गेला.

मास्तर पोलिसात जायला निघाले. माझी बायको रडत होती. "भाऊ आहे हो माझा. कायतरी मिटवा ना. सगळ्यांशी भाव करता, इथे का नाही?" आणि तिने गळ्यातली स्वतःची माळ काढून माझ्या हातात दिली.

ती घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. आयुष्यात इतका ओशाळवाणा सौदा मी केला नाही. बाईंनी माळ पाहिली.

"कुणाची ही?"

"आमच्या मंडळींची."

"मग त्यांच्याच गळ्यात घाला. माझी माळ आईची होती. तिची तेवढीच वस्तू माझ्याकडं होती."

मी खाली आलो आणि मास्तरांबरोबर चौकीत जाऊन मेव्हण्याचं नाव स्वतः सांगितलं. पण चकचकीत स्क्रूंवरून कुणाला शिक्षा होत नाही. माल सापडला नाही, सुधाकर सुटला. सासरी आजही मीच वाईट : सख्ख्या मेव्हण्याला चौकी दाखवणारा. तो मात्र लग्नकार्यात पुढच्या खुर्चीवर बसतो आणि पानसुपारी घेतो.

प्रवासाला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो : खोली घेताना आधी कडी लावून बघा. स्क्रू दिसत असतील तर कुलूप कितीही भारी असो, ते दार उघडंच समजा. लॉजवाल्याचा शब्द मोठा वाटला तरीही.

आणि सुधाकर, माळ मागत नाही. ती केव्हाच वितळली असेल. कुठल्या सोनाराला दिलीस ते सांग. मला नको सांगूस. कोल्हापूरला जा, त्या बाईंच्या दारात उभा राहा आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सांग.