हळदीवर साबण

नातीला आठ दिवसांसाठी मुकुटबनला माझ्याकडे सोडून जाताना मुलीनं बॅगेतून एक छापलेलं चित्र काढलं. चित्र कसलं, रंगांचा गुंता. परदेशात म्हणे एक फार मोठा चित्रकार होऊन गेला. तो कापड जमिनीवर अंथरायचा आणि भोवती फिरत डब्यातला रंग त्यावर शिंपडायचा.

मी म्हटलं, "मी चाळीस वर्षं अंगणात सडा टाकून राह्यली, मले नाही कोणी मोठं म्हटलं."

मुलगी हसली नाही. "आई, हिले असं एक करू दे. माह्या नव्या घराच्या भिंतीवर तेच लावीन. पण तू हात नाही लावायचा. नाहीच राह्यवलं तर हात मांड्यांखाली दाबून बसजो."

"कबूल," मी म्हटलं. मुलीनं माझ्याकडे काही मागावं, असं वर्षानुवर्षं घडलं नव्हतं.

ही अट कुठून आली ते मला ठाऊक होतं. मी शाळेत शिकवायचे. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांत माझी अर्धी नोकरी गेली. तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये दोन खोडरबर, आणि जगातलं सगळं सौंदर्य आपल्याला कळतं असा चेहरा. फळ्यावर मी दोन डोंगर काढायचे, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीत शिडाची होडी आणि काठावर नारळ. सागाच्या आणि मोहाच्या झाडांखाली वाढलेली पोरं निमूट नारळ काढायची. एखाद्यानं मोह काढला तर मी म्हणायचे, "हे काय झाड आहे? नीट काढ." समुद्र मी स्वतः पन्नाशीनंतर पाहिला. अशी ती विदुषी!

मुलगी सहा वर्षांची असताना तिनं चित्रस्पर्धेसाठी निळा बैल काढला होता. शिंगं जमिनीपर्यंत आलेली. आदल्या दिवशी मी तो खोडला, पांढरा केला, शिंगं बेतात आणली, मागे एक नारळही ठोकून दिला. पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर तिनं कागदाला रंग लावला नाही. मी समजले, अभ्यासात लक्ष घालतेय. वर चार बायकांना सांगितलंही, पोरगी शहाणी झाली म्हणून.

असो. नात अडीच वर्षांची, मी अडुसष्टची. ती पहाटे पाचला उठते. तिच्यामागे तीन दिवस धावल्यावर माझे गुडघे पायऱ्या चढायला नाही म्हणू लागले. चौथ्या दिवशी उन्हं तापायच्या आत मी अंगणात जुनं पांढरं धोतर अंथरलं. रंग तोंडात गेले तरी चालतील असे हवेत, म्हणून हळद कालवली, पालक वाटून गाळला, होळीची उरलेली पळसाची फुलं उकळली.

बाजेवरून नवरा म्हणाला, "चित्र काढून राह्यली का भाजी करून राह्यली?"

"तुमाले भूक लागली असंन तर चाटा."

नातीला काही शिकवावं लागलं नाही. सकाळी मी सडा टाकते तेव्हा ती प्लास्टिकचा मग घेऊन मागे असतेच. मनगट तसंच वळवून तिनं पालकाचं पाणी फेकलं. थेंब असे पडले की 'नीट टाक' म्हणायचंही मी विसरले. वरच्या कोपऱ्यात हिरवा बारीक फवारा उठला, त्यातून पळसाचा केशरी ओघळ गेला. मी हात मांड्यांखाली दाबून बसले होते. खरंच बसले होते.

मग तिनं हळदीची अख्खी वाटी खालच्या मोकळ्या जागेत पालथी घातली आणि "झालं!" म्हणून दुधासाठी आजोबांकडे पळाली.

भला मोठा पिवळा गोळा. सगळं चित्र एका बाजूला कललं. 'चित्रात तोल हवा' असं मी फळ्यावर लिहायचे, तिथं हे! शेजारीच धुण्याच्या दगडावर साबणाची वडी होती. थोडंसं पुसून घेऊ, कोणाला कळतंय, असं मनात येईपर्यंत माझा हात फिरलाही होता.

हळद लाल झाली. अगदी लालभडक. लग्नघरातल्या हळदीच्या साड्या मी आयुष्यभर धुतल्या, हळदीला साबण लागला की काय होतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण चूक तपासायला निघालेल्या बाईला एवढं कुठलं आठवायला!

"मास्तरीणबाई, किती मार्क देल्ले?" नवरा बाजेवरून म्हणाला. त्यानं सगळं पाहिलं होतं. मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "पोरीनं केलं म्हणून सांग. ते काय साक्ष द्यायले येते?"

मलाही तेच सुचलं होतं. खोटं बोलायचाही कंटाळा यावा इतकी मी दमले होते, तरी वाक्य तयार ठेवलं.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन धोतरावर धरला. "किती छान आहे व आई! हा लाल कुठून आला?"

तयार वाक्य ओठांवर होतं. "मी साबण लावला," मी म्हटलं.

तिनं फोन चेहऱ्याजवळ घेतला.

"काहून?"

"हात गेला. सवय."

"बैल खोडला तवा मी तिथंच बसली होती," ती म्हणाली. "तू एकदाबी माह्याकडं पाह्यलं नाही."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. चूक झाली म्हणावं, तर तेही चाळीशीच्या लेकीला फोनवर सांगायला उशीरच झाला होता. तरी म्हटलं.

तेवढ्यात नात आली. तोंडाला दुधाची मिशी. तिनं लाल पाहिला आणि किंचाळली, "आजी, लाल! मले दे!" दगडावरची वडी तिनं दोन्ही हातांनी उचलली.

"आई," मुलगी फोनमधून म्हणाली, "तुहे हात कुठं हायेत?"

मी फोन तांब्याला टेकवून ठेवला, तिला दिसेल असा. गुडघे दुमडून खाली बसले आणि हात मांड्यांखाली घातले. नात साबण घासत सुटली. आधी हळद, मग केशरी ओघळ, मग वरच्या कोपऱ्यातला तो हिरवा बारीक फवारा. तेवढा फवारा मला फार आवडला होता. हातांना मुंग्या आल्या. मी ते काढले नाहीत.