तपासणीपुरती दंडार

गोंदियात केबल चालवणाऱ्या त्या माणसाला मी वर्षानुवर्षं लबाड म्हणत आलो, आणि तो होताच. बोलताना तो समोरच्याकडे न बघता रिमोटची बटणं दाबत राहायचा. त्याच्या लोकल चॅनलला एक अट होती: रोज अर्धा तास इथल्याच लोकांचा कार्यक्रम दाखवायचा. ती तपासणारा सरकारी कारकून मी.

तो दिवसभर हिंदी सिनेमे लावायचा. आमच्या झाडीपट्टीतल्या लोकनाट्याची, दंडारीची, एकच कॅसेट त्याच्याकडे होती. मी आत शिरलो की ती सुरू व्हायची. "देखो साहेब, अपना कल्चर!" म्हणत तो जांभई द्यायचा. मी चहा पिऊन वहीत "नियमित" असं लिहायचो.

त्या दंडारीत राजा झालेला म्हातारा जवळच्या मुर्री गावचा. एकदा माझ्यासमोरच त्यानं केबलवाल्याला विचारलं, "माही दंडार कवा लावता जी?"

"साहेब आले का लागते ना, बुढऊ!" केबलवाला म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा माझ्या कचेरीत आला. "बायको खाटेवर पडून हाये, साहेब. तिले एकडाव मले टीवीत पाहाचं हाये. तुमी कवा येता तपासाले?"

तपासणीची तारीख गुप्त असते, असं मी त्याला ताठपणे सांगितलं.

केबलवाल्याला मात्र ती तारीख मी दरवेळी आदल्या दिवशी फोन करून कळवत होतो.