बसायला जागा असूनही

एमआयडीसीकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत निम्म्या सीटा रिकाम्या असतात. तरी ती बाई दाराजवळचा दांडा धरून उभीच असायची. वय पन्नाशीचं. बोटं काजूच्या चिकाने काळवंडलेली. कारखान्यात दिवसभर उकिडवं बसून बिया फोडायचं तिचं काम.

"काय गो आत्ये, तिकीट उभ्याचं काढलंस काय?" कंडक्टर चिडवायचा.

"बसले तर उठवायला तू येशील काय रे?"

सगळे हसायचे. मीही ती थट्टाच समजत होतो.

एकदा बस वळणावर जोरात वळली आणि ती माझ्या शेजारच्या सीटवर आदळली. कारखान्याचा थांबा आला, पण तिला उठता येईना. मी हात पुढे केला. तिने आधी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाशी मुकादम उभा होता.

"हात नको, भाऊ. त्याने बघितलं तर उद्या घरी बसवील. बोट कापलं तर मलमपट्टी करतात. गुडघ्यातनं रक्त येत नाही ना."

कंडक्टरने हे ऐकलं असावं. तो दारात मुकादमाकडे पाठ करून उभा राहिला आणि ड्रायव्हरला ओरडला, "थांब रे, सुट्टे देतोय!" सुट्टे कोणीच मागितले नव्हते.

पुढच्या सीटचा दांडा धरून दुसऱ्या प्रयत्नात ती उठली. पायऱ्या आडव्या पावलांनी उतरली. खाली पोचल्यावर तिने पदर खोचला आणि मुकादमासमोरून इतर बायकांच्या पुढे झपाझप चालत गेली.