आतोबांची चौदा इंजेक्शनं

कुंभकोणात कुणालाही काहीही चावलं, की त्या माणसावर पहिला हक्क आमच्या आतोबांचा. त्याच्या बायकोमुलांचा नंबर मागाहून. माझ्या आत्याचे हे यजमान वेष्टीच्या कनवटीला साबणाची वडी बाळगत. कुत्रं, माकड, उंदीर, चावणारा कोणीही असो, आतोबा त्या माणसाला नळाखाली बसवून घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धूत आणि मग बखोटीला धरून सरकारी इस्पितळात नेत. जखमेवर मिरची-चुना चोळायला धावणाऱ्यांशी त्यांचं हाडवैर. पापनाशम्‌च्या एका लग्नात खुद्द नवरदेवाला मांजर चावलं, तर आतोबांनी त्याला मुंडावळ्यांसकट विहिरीवर नेऊन बसवला. वधूपिता रडकुंडीला आला, तेव्हा म्हणाले, "मुहूर्त दुसरा मिळेल. नवरा कुठचा आणतां?" आम्ही सगळे त्यांना पोट धरधरून हसायचो.

त्यांना स्वतःला चावलं ते मात्र माझं कुत्रं. मी तेव्हा शाळामास्तर होतो, मुलांना आरोग्य शिकवायचो आणि कुत्रं बांधायचा कंटाळा करायचो. डॉक्टर म्हणाले, कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा. ठणठणीत राहिलं तर पोटात इंजेक्शनं नकोत. आतोबा रोज सकाळी त्याची विचारपूस करायला येत आणि "पापम्, बिचारं बांधून पडलंय," म्हणत त्यालाच इडली घालत. पाचव्या दिवशी मी साखळी नीट अडकवली नाही आणि ते पळालं. गावभर हिंडलो, सापडलं नाही. दुसऱ्या सकाळी आतोबा येताना दिसले, तेव्हा मी बावीस वर्षांच्या घोड्याने काय करावं? तशाच तपकिरी रंगाचं गल्लीतलं कुत्रं परसात बांधलं आणि लांबूनच दाखवलं. त्यांना लांबचं धड दिसत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. "बरं दिसतंय," म्हणाले आणि खुशीत घरी गेले.

दुपारी वर्गात आरोग्याचा धडा अर्ध्यातच मिटून ठेवला. शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेलो आणि खाली मान घालून म्हणालो, "आतोबा, मी लबाडी केलों. ते कुत्रं आपलं नव्हे."

ते उठले. मग अंगवस्त्र खांद्यावर टाकलं. "आत्याला सांगू नको. चल, डॉक्टर जायच्या आत पोचूं."

पुढे चौदा दिवस रोज एक सुई. पोट सुजलं, तरी विचारणाऱ्याला ते सांगत, "कुत्रं बरं आहे रे, माझाच स्वभाव संशयी." मग काय, चांगल्या कुत्र्यापायी सुया टोचून घेणारा म्हातारा म्हणून गाव हसत सुटलं. एकदा परतताना मला राहवेना. विचारलं, "माझ्यासाठी खोटं का बोलतां?"

"तू मास्तर आहेस," ते म्हणाले. "पोरांनी तुझं ऐकायला पाहिजे. मला हसायची लोकांना सवयच आहे."

पुष्कळ वर्षांनी, पिकल्या वयात, ते गेले. तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी त्या चौदा सुयांची गोष्ट काढली. सगळे प्रेमाने हसले, आत्यासुद्धा डोळे पुसत हसली. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, पण वाढणारा भात घेऊन समोर आला आणि मी नुसतं पान पुढे केलं.